काट्यावरची रिकामी गोण

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. मागाहून कुणी मला ते ऐकवायला नको. बाजारात मिरची घेतली तर मी ढिगाच्या तळातली आधी बघते. एसटी वेळेवर आली तर पाटी दोनदा वाचते. धसईत माझी भाताची गिरण आहे आणि गिरणीवर बसणाऱ्या बाईने भोळं राहून चालत नाही. वडील गेल्यावर गिरण माझ्या वाट्याला आली आणि माळावरची जमीन धाकट्या भावाच्या. लग्न काही माझं झालं नाही. जमलं नाही म्हणा, मी जमू दिलं नाही म्हणा, दोन्ही खरं आहे. बघायला आलेल्या प्रत्येकाचा मला त्याच्या चपलांपासून संशय यायचा.

तर त्या माझ्या सख्ख्या भावावर अमली पदार्थांचा खटला झाला आणि त्यात सरकारतर्फे साक्षीला मी उभी राहिले. कशी उभी राहिले ते सांगायचं तर आधी आमच्या काट्याबद्दल सांगावं लागेल.

आमच्याकडे भात गोणीत येतं आणि गोणीसकट काट्यावर चढतं. दर वेळी गोणीचं वजन वेगळं वजा करायचं म्हणजे डोक्याला ताप, वर शेतकऱ्याशी हुज्जत. म्हणून वडिलांनीच एका मेकॅनिककडून इलेक्ट्रॉनिक काट्यात सोय करून घेतली होती. काट्यावर ओझं चढलं की पाऊण किलो आपोआप कापलं जायचं. काटा रिकामा असला तरी शून्यच दिसायचं, त्यामुळे परक्या माणसाला काही कळायचं नाही. मग भोपळा, पितळेची भांडी, गॅसचा सिलिंडर, कुणाचं तान्हं बाळ, असं गोणीत नसलेलं काही मोजायचं असलं तर? तर आधी काट्यावर एक रिकामी गोण घडी करून टाकायची आणि तिच्यावर ती वस्तू ठेवायची. मग वजन चोख यायचं. धसईच्या आसपास हे सगळ्यांना ठाऊक आहे. बाया तर गिरणीत शिरतानाच ओरडतात, "बाय, गोन टाक गो आधी!"

आम्ही भावंडं त्या काट्यापाशीच वाढलो. दर दिवाळीला वडील आम्हा दोघांना काट्यावर उभं करायचे. भाऊ लबाड. वडिलांची पाठ वळली की पायाने गोण हळूच बाजूला सारायचा आणि मग उभा राहायचा. आकडा कमी दिसायचा, आई म्हणायची, "अगो बया, किती रोडावलास रे," आणि त्याला एक लाडू जास्त मिळायचा. मी बघायची. सांगायची मात्र कधी नाही. माझा एवढा लाडका होता तो.

त्याने माळावर कोंबड्यांची शेड घातली होती. ती चालली नाही, दोन वर्षं रिकामी पडली. मग एक दिवस दोन माणसं आली आणि शेड भाड्याने घेऊन गेली. जनावरांच्या औषधाची कंपनी आहे म्हणाली. मी त्यांना एकदाच रस्त्यावर पाहिलं आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. माळावरून चालत आलेल्या माणसांचे बूट एवढे स्वच्छ कसे? शेडच्या जाळ्यांना आतून निळं प्लास्टिक मारलेलं. टेम्पो यायचा, त्यावर कसलं नाव नाही. आणि मुख्य म्हणजे पॅकिंगला गावातली एकही बाई घेतली नाही. औषधाची कंपनी आणि पॅकिंगला बाया नकोत? मुरबाडच्या एमआयडीसीत बघा जाऊन, गाड्या भरभरून बाया जातात.

मी भावाला म्हटलं, "अरे, ही माणसं मला सरळ दिसत नाहीत."

तो हसला. "ताय, तू पोलिसात जायला पायजे होतीस गो. फुकट गिरनीत बसलीस."

मी पण हसले. हसायला नको होतं.

आता आमच्या हमालाबद्दल. वाडीवरचा माणूस, चाळिशी उलटलेला, माझ्या गिरणीत बारा वर्षं गोणी उचलत होता. काट्यावर रिकामी गोण टाकायचं कामही त्याचंच. मी सांगायच्या आत टाकलेली असायची. दुपारी गिरण बंद असली की तो भावाच्या शेडवर झाडलोट करायला जायला लागला. महिन्याभरात त्याची पाठदुखी गेली. दोन-दोन गोणी एकदम उचलायचा. मला म्हणाला, "बाय, पाठ दुखतच नाय आता. तिथल्या शेटनी गोळ्या दिल्या."

मग तो बसल्या बसल्या पेंगायला लागला. बोलता बोलता मान खाली जायची. नाक खाजवत राहायचा. मला वाटलं, दारू. मी चार माणसांत त्याला दारुडा म्हटलं, उद्यापासून येऊ नकोस म्हटलं. दुसऱ्याच दिवशी सकाळी तो गिरणीच्या मागे कोंड्याच्या ढिगात उताणा सापडला. ओठ निळे, श्वास मोजून मोजून. आम्ही त्याला टेम्पोत घालून मुरबाडला नेलं. डॉक्टरांनी पापणी उचलून बॅटरी मारली. बुबुळाच्या मधला काळा ठिपका टाचणीच्या डोक्याएवढा झालेला. कसलं तरी इंजेक्शन दिलं तसा तो एकदम उठून बसला. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, हा दारूचा प्रकार नाही. अफूसारखं काम करणारं, पण कारखान्यात बनवलेलं काहीतरी आहे. हा माणूस ते कुठून घेतो?

मी म्हटलं, मला माहीत नाही. संशय होता, नाही असं नाही. पण भावाची शेड होती ती.

हमाल जगला. पण त्याची हमाली संपली. हात थरथरतात, अर्धी गोण उचलवत नाही. सुरुवातीला रोज यायचा आणि लहान मुलासारखा रडत गोळी मागायचा. मी त्याला दारुडा म्हटलं याची मला आजही लाज वाटते.

त्यानंतर दीड महिन्याने शेडवर धाड पडली. सकाळी अकराचा सुमार. मी गिरण चालू करत होते आणि एक हवालदार जीपमधून उतरला. म्हणाला, "बाई, तुमचा काटा पाहिजे. आमच्या छोट्या काट्याची बॅटरी गेली. तुमच्या भावानेच सांगितलं, बहिणीकडे काटा आहे."

"कशाला पाहिजे?"

"ते नका विचारू."

जीप माळाकडूनच आली होती, ते मी पाहिलं होतं. पण काटा द्यायला नाही कशी म्हणणार? मी काटा उचलून जीपमध्ये ठेवला, आणि हात आपोआप कोपऱ्यातल्या थप्पीकडे गेला. एक रिकामी गोण काढली, घडी केली आणि काट्यावर टाकली. "हिच्यासकट न्या," म्हटलं. हवालदाराने कपाळाला आठी घातली, पण नेली.

शेडमध्ये भुकटी सापडली. बराचसा माल आधीच निघून गेला होता, पिशवीभर उरला होता. स्वच्छ बूटवाले दोघे कुठल्या कुठे पळाले, ते अजून सापडले नाहीत. सापडला तो माझा भाऊ. तो एकच वाक्य बोलत होता: "मी जागा भाड्यानी दिली, आत काय चाललाय मला ठाव नाय." मी त्याच्यावर विश्वास ठेवला. म्हणजे ठेवायचा असं ठरवलं. माझ्यासारखीला ते किती अवघड गेलं ते माझं मला माहीत.

या कायद्यात एक रेघ आहे. माल रेघेच्या वर गेला की निदान दहा वर्षं, आणि जामीन मिळणं फार कठीण. खाली राहिला तर पुष्कळ सोपं. आमच्या काट्यावर माल रेघेच्या खाली भरला. भाऊ काही महिन्यांत जामिनावर घरी आला. वहिनी माहेरी, सापगावला जाऊन बसली होती, तीही परतली. तिने माझ्याकडे येणं मात्र बंद केलं. टीप मीच दिली असं तिच्या मनात बसलं होतं. तिचंच काय, अख्ख्या धसईचं तेच मत. मी दुकानात शिरले की बोलणं थांबायचं. आमचा काटा पोलिसांकडेच राहिला होता; गिरणीवर बाया उसन्या काट्यावर भात टाकायच्या, पण पूर्वीसारख्या टेकायच्या नाहीत. टीप कुणी दिली ते मला आजही माहीत नाही. मी नाही दिली. द्यायला हवी होती, हे वेगळं.

मग एक भानगड झाली. जप्त केलेला माल पुढे मॅजिस्ट्रेटसमोर नीट, लहान काट्यावर पुन्हा मोजला तेव्हा तो जास्त भरला. चांगला रेघेच्या वर. भावाचा वकील खूश. तो आमच्या ओट्यावर बसून म्हणाला, "माल पोलिसांच्या ताब्यात असताना वाढला! वाढेल कसा? त्यांनी भर घातली. आता केस उभीच राहात नाही. तुमचा भाऊ सुटला म्हणून समजा." भावाच्या तोंडावर किती दिवसांनी रक्त आलं.

मी विचारलं, "किती जास्त भरला?"

"पाऊण किलो," वकील म्हणाला.

मी चहाची बशी खाली ठेवली. भर नाही, काही नाही. आमच्या गोणीचं वजन होतं ते. कुणीतरी गोण काढून भुकटी नुसतीच काट्यावर ठेवली होती.

वकील गेल्यावर मी भावाला म्हटलं, "काट्याबरोबर मी गोण पाठवली होती. तिचं काय झालं?"

तो भिंतीकडे बघत म्हणाला, "मला काय ठाव? पोलिसांनी फेकली असंल. मी त्या वेळेला शुद्धीत होतो का गो?"

बरोबरच होतं त्याचं. पोलिसाने हाताला धरलेला माणूस काट्यावर काय ठेवलंय ते बघत बसेल? मी मनाला तसं समजावलं. रोज समजावलं. आणि रोज सकाळी गिरण चालू करताना ते समजावलेलं निघून जायचं.

साक्षीच्या समन्समध्ये माझं नाव होतं, काट्याची मालकीण म्हणून. वकिलाने मला शिकवलं, "तुम्ही एकच सांगायचं. काटा बरोबर आहे. बस. खोटं बोलायचं नाहीच आहे तुम्हाला. तुमचा काटा बरोबर आहे की नाही?"

"आहे," मी म्हटलं. आणि तो बरोबर होताच की. त्याच्याकडे बोट दाखवेल असा एक शेतकरी काढून दाखवा. मी काट्याला बरोबर म्हणायचं आणि माझा भाऊ घरी राहायचा. यात खोटं कुठे होतं? मी आठ दिवस स्वतःला हेच विचारत होते.

कल्याणच्या कोर्टात आम्ही तिघं एकाच बसने गेलो. मी, भाऊ आणि वहिनी. भावाने माझी पिशवी धरली, उतरल्यावर चहा पाजला. "ताय, घाबरू नको," म्हणाला. त्या वेळी तो मला दिवाळीतल्यासारखाच दिसला. मी ठरवून टाकलं. काटा बरोबर आहे, एवढंच बोलायचं.

दोन तास बाहेर बाकावर बसवून ठेवलं, मग आत बोलावलं. शपथ झाली. समोर टेबलावर आमचा काटा, सुतळीने बांधलेला, लाखेची सीलं मारलेली. इतक्या दिवसांनी त्याला बघून मला उगाच भरून आलं. सरकारी वकिलाने विचारलं, काटा तुमचाच? माझाच. त्या दिवशी पोलिसांनी नेला? नेला. मग त्याने पंचनाम्यातला काट्याबद्दलचा मजकूर वाचून दाखवला, घाईघाईने, एका दमात. मी कान देऊन ऐकत होते.

"सदर काट्यावर ठेवलेले एक रिकामे बारदान आरोपी याने 'ते कामाचे नाही' असे सांगून स्वतःहून बाजूस काढून ठेवले. त्यानंतर काट्यावर शून्य असल्याची पंचांसमक्ष खात्री करून..."

पुढचं मला ऐकू आलं नाही.

ते वाक्य कोर्टात कुणालाच कळलं नाही. सरकारी वकिलाला नाही, लिहिणाऱ्या पोलिसाला नाही, पंचांना नाही. ते पंचही वासिंदकडचे होते, त्यांना आमची रीत काय माहीत? कळलं ते फक्त मला. पोलिसाने हाताला धरलेलं असताना त्याने ती गोण काढली होती. आणि गोण कोण काढेल? ज्याला माहीत आहे की पिशवीत काय आहे. ज्याला माहीत आहे की वजन किती भरलं तर काय होतं. जवळच्या किराणा दुकानात काटा असताना माझा काटा त्यानेच मागवला होता. हलकट! मला भाड्याच्या गोष्टी सांगत होता. हमाल कोंड्यात पडला होता तेव्हा हाच माझ्या शेजारी उभा राहून "दारू वाईट गो ताय" म्हणाला होता.

सरकारी वकील पुढच्या प्रश्नाकडे वळत होता. तेवढ्यात जजबाईंनी पेन खाली ठेवलं. चष्म्यावरून माझ्याकडे बघत त्यांनी अगदी साधेपणाने विचारलं, "बाई, काट्यावर हे बारदान कशासाठी होतं?"

मला 'आठवत नाही' म्हणता आलं असतं. 'चुकून राहिलं' म्हणता आलं असतं. मी भावाकडे बघितलं. तो चपलांकडे बघत होता. वहिनी पदराचं टोक दातात धरून बसली होती. मला त्याच्या मुलांचे चेहरे आठवले. आणि मग हमालाचे हात आठवले. शेंगा सोलतानासुद्धा थरथरणारे ते हात. मी काही थोर नाही. मला फक्त राग आला होता, आणि त्या रागाच्या भरात मी खरं बोलले.

मी सांगितलं. पाऊण किलो कापलं जातं. शून्य दिसलं तरी कापलं जातं. गोण ठेवली नाही तर वजन कमी दिसतं. काट्यावर शिक्का मारायला वजनमापाचे साहेब येतात त्या दिवशी आम्ही ती सोय बंद ठेवतो, हेही सांगितलं. भावाचा वकील उठून उभा राहिला.

"म्हणजे तुमचा काटा खोटा आहे?"

"गोण टाकली तर खरा आहे साहेब."

"हे आणखी कुणाला ठाऊक होतं?"

त्याला वाटलं, मी म्हणेन कुणालाच नाही. "धसईत सगळ्यांना," मी म्हटलं. पुढचं कुणी विचारायच्या आत स्वतःच म्हटलं, "माझ्या भावाला लहानपणापासून."

जजबाईंनी ते लिहून घ्यायला सांगितलं. टाइप करणाऱ्या मुलीने माझ्याकडे एकदा बघितलं आणि टाइप केलं. निकाल पुढे चार महिन्यांनी लागला. दहा वर्षं. माझ्यावर काट्याबद्दल कारवाई झाली ती वेगळी, ती व्हायलाच हवी होती. आता मी नवा काटा घेतलाय, त्यात कसलीच सोय नाही. तरी हमाल येऊन बसला आणि कुणी भोपळा आणला, की तो अजून थरथरत्या हाताने गोण टाकतो. मी काढत नाही. वजन झालं की गोणीचं वजा करते.

पण साक्षीच्या दिवशी भाऊ अजून जामिनावरच होता. एका बसने आलो होतो आणि एकाच बसने परत जायचं होतं. वहिनी आधीच निघून गेली. माझ्याकडे न बघता गेली, पाय आपटत. वकील फोनवर बोलत लांब उभा. मी स्टँडवर बाकावर बसले. भाऊ आला आणि शेजारी बसला. माझी पिशवी अजून त्याच्याच हातात होती.

मला वाटलं आता शिव्या देईल. देऊ दे म्हटलं. नाही तर रडेल. मी काय सांगणार होते त्याला? दोन वर्षं मी त्याला किती वेळा विचारलं होतं, तुला खरंच माहीत नव्हतं का रे? दर वेळी एकच उत्तर, "ठाव नाय गो." आता विचारायची माझ्यात ताकद नव्हती.

मुरबाडची बस लागली. माणसं उठली. तो उठला नाही. पिशवीच्या बंदाशी चाळा करत, लहानपणी लाडू खाताना बोलायचा तशा हळू आवाजात तो म्हणाला, "गोन कशाला पाठवलीस गो ताय?"

मी माझ्या हातांकडे बघितलं.

"सवयीनं रे," मी म्हटलं. "सवयीनं हात गेला."

त्याने मान हलवली. पिशवी माझ्या मांडीवर ठेवली आणि बसमध्ये जाऊन पार मागच्या सीटवर बसला.